टीव्हीतलं अस्वल आणि पारावरचं अस्वल

मंडळी, १९९३-९४ च्या सुमाराची रविवार सकाळ आठवून बघा. वाशीम तेव्हा अकोला जिल्ह्यातला तालुका होता. आपला जिल्हा १ जुलै १९९८ ला वेगळा झाला. गावात टीव्ही मोजून दोन-चार. ज्याच्या ओसरीवर टीव्ही, त्याच्याकडे सगळी पोरं. वीज गेली की ट्रॅक्टरची बॅटरी काढून आणायची आणि एकाने धाब्यावर चढून अँटेना फिरवायचा. वरून आवाज यायचा, "आलं का बे?" खालून उत्तर, "मुंग्याच हायेत अजून, फिरव जरासा!"

हे सगळं कशासाठी, तर लांडग्यांनी वाढवलेल्या मोगलीसाठी. ही चित्रमालिका जपानमध्ये १९८९ ला तयार झाली, भाग ५२. दूरदर्शनने ती हिंदीत आणली. गीत गुलजारांचं, चाल विशाल भारद्वाज यांची, आणि शेरखानाला आवाज आपल्या नाना पाटेकरांचा. आम्हाला तेव्हा वाटायचं की ते जंगल कुठं सातासमुद्रापार असेल. पण किपलिंगने आपल्या गोष्टीत लिहिलेलं शिवनी नागपूरहून जबलपूरला जाताना लागतं. म्हणजे विदर्भाच्या बांधालाच की!

मोगलीतला बालू जरा मास्तरासारखा. पण दुसऱ्या एका मालिकेत हाच बालू टोपी घालून मालवाहू विमान चालवायचा. कामचुकार, खादाड, आणि कारभारीण बाई त्याला धारेवर धरायची. हसून हसून पोट दुखायचं. मग ते बदक, तिजोरीतल्या नाण्यांत पोहणारं कंजूस. आमच्या गावातल्या एका सावकाराला पोरांनी बरेच दिवस त्याच बदकाचं नाव ठेवलं होतं. त्याला काही ते कळलं नाही.

आता जरा मागे जा. टीव्ही यायच्या आधी जनावरांची गंमत आपल्याकडे पारावर व्हायची. नंदीबैल मान डोलवायचा, माकडीण सासरी जायला नकार द्यायची, आणि दरवेशी अस्वल घेऊन यायचा. ते दोन पायांवर नाचायचं, आपण टाळ्या पिटायच्या. भीती जावी म्हणून आयाबाया लेकरांना त्याच्या पाठीवर बसवायच्या, केस ताइतात घालायच्या. मीही बसलोय. त्याच्या नाकातून दोरी गेलेली दिसायची, पण बैलालाही वेसण असते म्हणून कुणाला काही वाटायचं नाही. तापल्या सळईने नाक टोचायचं, दात पाडायचे, आणि पिल्लू धरायला बहुतेक वेळा त्याची माय मारायची, हे फार उशिरा कळलं. १९९८ मध्ये केंद्र सरकारने अस्वल, माकड, वाघ, बिबट आणि सिंह यांचे खेळ बंद केले. दरवेश्याचं पोट गेलं, हेही खरंच. तरी माझ्या मते ओसरीवरचं हसणं पारावरच्या हसण्यापेक्षा चांगलं होतं. विमानातल्या बालूच्या नाकात दोरी नव्हती.

खरं अस्वल मात्र ना नाचतं ना हसवतं. शेजारच्या बुलढाण्यातलं ज्ञानगंगा अभयारण्य अस्वलांसाठीच ओळखलं जातं. वारुळं, बोरं, मोहफुलं हे त्याचं खाणं. त्याला दुरून नीट दिसत नाही, म्हणून माणूस अचानक समोर आला की ते अंगावर येतं. रानात गुरं चारायला जाणाऱ्याने एकटं जाऊ नये आणि मोठ्याने बोलत जावं.

आणि मोगली पाहणारी ती पोरं आज चाळिशीत आहेत, हरभऱ्यात जागल करताहेत. रोही आणि रानडुकरं कुणाला सोडत नाहीत. सरपंच, ग्रामसेवक मंडळींना एवढंच सांगणं की नुकसान झाल्यावर तीन दिवसांच्या आत वनविभागाकडे तक्रार जायला लागते. पुष्कळांचा अर्ज त्यातच अडतो. दवंडीबरोबर हेही सांगत जा.

परवा पुतण्या माझ्यासंगं जागलीला आला होता. रात्र काढायची म्हणून त्याला बालूच्या विमानाची गोष्ट सांगत होतो. तो म्हणाला, "काका, मग ते उतरवायचं कसं?" मी हात पसरून दाखवायला उठलो, तेवढ्यात तुरीत खसखस झाली. त्याने बॅटरी मारली. डुकरंच होती, पिलांसकट सात-आठ.