‘भाकर मिळेल का?’ विचारून तर बघा!

नांदेड-लातूर रोडवर हॉटेलांची कमी नाही. पण आपल्या घरात जे शिजतं, ते या रोडवर कुठं मिळतं?

पुण्यात हॉस्टेलला किंवा कॉटबेसिसवर राहणाऱ्या मराठवाड्यातल्या पोरापोरींना हा प्रश्न कधी ना कधी येतोच. कुणीतरी विचारतं, ‘तुमच्याकडं खायला स्पेशल काय रे?’ कोल्हापूरचा लगेच तांबडा-पांढरा सांगून मोकळा होतो. नागपूरचा सावजी म्हणतो. नाशिकचा मिसळीवर अर्धा तास बोलतो. आणि तुम्ही? लोह्याचे, कंधारचे, अहमदपूरचे तुम्ही जरा थांबता आणि म्हणता, ‘काही नाही, साधंच असतं. भाकर-भाजी.’

झालं. विषय संपला!

पण खरंच साधं असतं का? सकाळचा सुशीला आठवा. मुरमुरे भिजवून, पिळून, कांदा-मिरचीच्या फोडणीत परतलेले, वरून डाळव्याचं पीठ आणि कोथिंबीर. प्रवासाला निघताना आई डब्यात देते ते धपाटे आठवा, दोन दिवस टिकणारे. पाहुणे अचानक आले की मदतीला धावून येणारा येसर आठवा, धान्य आणि मसाले भाजून दळलेला. आणि अंबाडीची भाजी? तिच्यावर कच्चं तेल, बाजूला ज्वारीची भाकर आणि ठेचा. ही यादी कुणी ‘काही नाही’ या दोन शब्दांत बसवून दाखवावी.

आपल्याकडं खायला भरपूर आहे. ते आपल्याला सांगता येत नाही, कारण ते मेन्यूकार्डावर कधी छापलंच गेलं नाही.

रोड लांब, मेन्यूकार्ड एकच

नांदेडहून गाडी काढा. सोनखेड, लोहा, माळेगाव, अहमदपूर, चाकूर करत लातूरला पोचा. वाटेत भूक लागेल तिथं थांबा आणि मेन्यूकार्ड मागा. पनीर बटर मसाला, काजू करी, व्हेज कोल्हापुरी, शेवभाजी, गोबी मंचुरियन. पुढच्या हॉटेलात जा, पुन्हा तेच. गंमत बघा, मराठवाड्यातल्या हॉटेलात ‘कोल्हापुरी’ आहे, ‘पंजाबी’ आहे, ‘चायनीज’ आहे. ‘मराठवाडी’ असा रकानाच नसतो.

हॉटेलवाल्याला दोष देऊन उपयोग नाही. तो लोक मागतात तेच ठेवतो. आपण मित्रांसोबत बाहेर जातो ते घरी मिळत नाही ते खायला, हेही खरंच. पण बाहेरून आलेला पाहुणा या रोडनं गेला, तर या भागाची चव न चाखताच पुढं जातो, आणि कुणाला सांगताना म्हणतो, ‘तिकडं काही विशेष नाही.’ आपलंच वाक्य, त्याच्या तोंडून!

नांदेड शहरात मात्र वेगळी गंमत आहे. १९४८च्या सप्टेंबरपर्यंत हा सगळा मुलूख हैदराबाद संस्थानात होता. ते राज्य गेलं, पण चव राहिली. बिर्याणी आहे, तहारी आहे, दाटसर इराणी चहा आहे. देगलूर, धर्माबादच्या बाजूला गेलात की तेलंगणाची हद्द लागते. धर्माबादचा मिरची बाजार तर प्रसिद्धच. आणि आपण जिला अंबाडी म्हणतो, तीच पलीकडं ‘गोंगूरा’ होते. तिकडं तिचं लोणचं बाटलीत भरून देशभर विकलं जातं. आपली अंबाडी अजून आठवडी बाजारात जुडीनंच बसली आहे.

ज्याचं बिल होत नाही

आता दुसरी बाजू. या पट्ट्यातलं भारी जेवण विकत मिळत नाही, कारण ते विकायचं नसतंच मुळी.

येळवस घ्या. वेळ अमावास्या म्हणा, येळवस म्हणा, लातूर, धाराशिव आणि त्यांना लागून असलेल्या नांदेडच्या भागात मार्गशीर्ष अमावास्येला अख्खं गाव शेतात असतं. कडब्याची कोप, पांडवांची पूजा आणि मग जेवण. हिरवी तूर, वाल, हरभरा, वांगी, शेतात जे जे आलंय त्याची चिंच आणि पीठ लावून केलेली भज्जी, बाजरीचे उंडे, गव्हाची खीर आणि आंबील. ज्वारीचं पीठ ताकात आंबवून केलेली, मडक्यातली थंडगार आंबील. त्या दिवशी लातूर शहरातले रस्ते ओस पडतात, कारण ज्याला शेत नाही त्यालाही कुणाच्या तरी शेतातून बोलावणं असतं. रस्त्यानं जाणाऱ्या अनोळखी माणसालाही हाक मारतात, ‘या, जेवायला या!’ नाही म्हणणं अवघड असतं.

त्याच सुमारास लोहा तालुक्यातल्या माळेगावात खंडोबाची यात्रा भरते. घोडे, उंट, गाढवांचा बाजार, कुस्त्या, लावणी हे सगळं तुम्ही ऐकलेलं आहे. पण यात्रेला जाऊन फक्त फोटो काढून येऊ नका. गोडी शेव, भजे, जिलेबी तर आहेच. पण दुकानांच्या रांगा सोडून जरा पुढं, पालं पडलेली असतात तिकडं बघा. लांबून आलेले लोक तिथं तीन दगडांची चूल मांडून स्वयंपाक करत असतात. खंडोबाचा नैवेद्य म्हणजे वांग्याचं भरीत आणि बाजरीचा रोडगा. यात्रा जशी बघायची असते, तशी ती खायचीही असते.

आणि नांदेडचा लंगर. गुरू गोविंदसिंगजींचं १७०८ साली नांदेडात निर्वाण झालं. इथला गुरुद्वारा जगभरच्या शीखांसाठी तख्त आहे. तिथं पंगतीत बसा. शेजारी कॅनडाहून आलेलं कुटुंब असेल किंवा मुखेडहून दवाखान्यात आलेला शेतकरी. वरण-रोटी दोघांना सारखीच. कोण, कुठला, कशाला आलास, कुणी विचारत नाही. नांदेड-अमृतसर सचखंड एक्स्प्रेसनं कधी प्रवास केलात, तर एक ताट सोबत ठेवा. वाटेतल्या काही स्टेशनांवर सेवेकरी प्रवाशांना फुकट लंगर वाढतात.

शेतातलं जेवण, यात्रेतला नैवेद्य, गुरुद्वाऱ्यातला लंगर. तिन्ही ठिकाणी ना मेन्यूकार्ड, ना बिल, ना मोबाइलवरचे स्टार. ज्या ॲपवर आपण ‘निअर मी’ टाकून जेवण शोधतो, त्याला हे दिसत नाही. त्यासाठी तारीख माहीत लागते, ऋतू माहीत लागतो आणि कुणाची तरी ओळख लागते.

पण मग भाकर महाग का?

कधी हॉटेलात बसून विचारून बघा, ‘भाकर मिळेल का?’ कुठं ‘नाही’ म्हणतील. कुठं ‘अर्धा तास लागेल’ म्हणतील. आणि मिळाली, तर बिलात ती चपातीच्या वर असेल. गरिबाची म्हणून जिला नाकं मुरडली, ती भाकर महाग कशी झाली?

कारण शेतात आहे. आपल्या आजोबांच्या काळात या भागात ज्वारी हेच मुख्य पीक होतं. माणसाला भाकर, जनावराला कडबा. नंतर सोयाबीन आलं. साधारण शंभर दिवसांत हाती येणारं, मोंढ्यात नेलं की पैसा देणारं. शेतकऱ्यानं ते लावलं, त्यात त्याचं काय चुकलं? लेकराची फी सोयाबीनवर भरली जाते. पण ज्वारीचं रान आटलं. बैल कमी झाले, कडब्याची गरजही कमी झाली. त्यात भाकर थापायला हात लागतो. चपाती लाटायची मशिनं हॉटेलांत आली, पण हातानं थापलेल्या भाकरीची सर मशिनला नाही.

२०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरडधान्य वर्ष म्हणून साजरं केलं. शहरांत ज्वारीचे पफ, ज्वारीचा पास्ता आला. म्हणजे आपली ज्वारी पाकिटातून, नवं नाव घेऊन, आपल्याकडंच परत आली. आपल्या घरात ती होतीच की!

निलंगा राईसनं करून दाखवलं

आता आशेची गोष्ट. लातूर जिल्ह्यातला निलंगा हा तालुक्याचा गाव. तिथला मसालेदार, झणझणीत भात ‘निलंगा राईस’ म्हणून निघाला आणि आज पुण्यातल्या गाड्यांवर त्याच नावानं विकला जातो. ना मोठी जाहिरात, ना सेलिब्रिटी. पण नाव ठळक, गावाचं. खाणारा विचारतो, ‘निलंगा म्हणजे कुठं आलं?’ आणि गाव नकाशावर येतं.

२०२४ साली लातूर जिल्ह्यातल्या तीन वस्तूंना भौगोलिक मानांकन मिळालं. बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच आणि कास्तीची कोथिंबीर. जालन्याच्या दगडी ज्वारीलाही मिळालं. जरा विचार करा, डाळ, चिंच, कोथिंबीर, ज्वारी. म्हणजे आपण ज्याला ‘साधं वरण-भाकर’ म्हणतो, त्याचं सगळं सामान सरकारदरबारी ‘स्पेशल’ ठरलंय. फक्त आपणच अजून ‘काही नाही’ म्हणतोय.

या सामानाचं काय करायचं, हे कुणाला येतं? आईला, आजीला, काकूला. त्यांना विचाराल तर माप सांगणार नाहीत. ‘अंदाजानं टाकायचं बघ’ म्हणतील. हा अंदाज कुठल्याच पुस्तकात नाही. तो त्यांच्यासोबत गेला, की परत मिळणार नाही. आणि हो, हे फक्त पोरींनीच शिकायचं, असं कुठं लिहिलेलं नाही. पुण्यात मेसच्या भाजीला नावं ठेवणाऱ्या पोरांनी आधी चूल-तवा हातात घ्यावा.

येत्या सुट्टीत एवढं करा

• गावाकडं आलात की एक पदार्थ निवडा. येसर, आंबील, धपाटे, काहीही. आजीच्या शेजारी बसून शिका आणि मोबाइलवर तिचा आवाज रेकॉर्ड करा. माप तिच्या हाताचं, मिनिटं तुमच्या मोबाइलची.

• यंदाच्या येळवशीला पुण्या-मुंबईच्या एका तरी मित्राला शेतावर आणा. हॉटेल दाखवू नका, कोप दाखवा.

• मैत्रिणींनो, ग्रुप करून लालपरीनं निघा. २०२३च्या मार्चपासून तुम्हाला एसटीत अर्धंच तिकीट आहे. लोह्याहून कंधारचा किल्ला जवळ आहे. डब्यात धपाटे, दही आणि शेंगदाण्याची चटणी न्या. किल्ला बघून झाल्यावर पंगत मांडा.

• रोडवर कुठंही जेवायला बसलात, की आधी विचारा, ‘भाकर आहे का?’ नसली तरी विचारा. दिवसात दहा टेबलांवरून हाच प्रश्न आला, तर अकराव्या दिवशी गल्ल्यावर बसलेला मालक ज्वारीचं पीठ मागवेल. भाकर थापायला गावातल्याच एखाद्या मावशीला काम मिळेल.

मेन्यूकार्ड हॉटेलवाला छापतो, पण त्यात काय छापायचं ते टेबलावर बसलेली माणसं ठरवतात. आता टेबलावर तुम्ही आहात. काय मागवणार?