तळ्याखालच्या गावचे पाहुणे

झुनी बाहुलीचे हात हलतात. ते वेगळे कोरून खांद्याशी खिळ्याने बसवलेले असतात. अंग उंच, सडपातळ आणि त्यावर खऱ्या कापडाचं वस्त्र, कातडं, लोकर, पिसं. शेजारचे होपी कारागीर कॉटनवूड झाडाच्या मुळातून सहसा पोशाखच कोरतात आणि रंगवतात; झुनी कारागीर मात्र बाहुलीला वेश चढवतो. हा फरक मला मोलाचा वाटतो, कारण झुनींचं सगळं दैवतविश्वच वेश चढवण्यावर उभं आहे.

हे लोक न्यू मेक्सिकोच्या पश्चिम भागातल्या झुनी पुएब्लोत राहतात. त्यांचे पूर्वज जगाचं मध्यस्थान शोधत निघाले होते. नदी ओलांडताना आयांच्या अंगावरची मुलं पाणजीव झाली, चावू लागली. भेदरलेल्या आयांनी त्यांना सोडून दिलं. मुलं बुडाली, पण संपली नाहीत. तळ्याखालच्या गावात ती नाचत-गात राहू लागली. तेच कोको, म्हणजे काचिना. शोकात बुडालेल्या माणसांसाठी ते स्वतः गावात येऊन नाचत, पण परतताना दर खेपेला कुणीतरी त्यांच्यामागे जाई, म्हणजे मरे. मग त्यांनी सांगितलं: आमचे मुखवटे नि पोशाख तुम्हीच घडवा, ते तुम्ही ल्यालात की आम्ही येऊ. रूथ बन्झेल यांनी 1932 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ही कथा नोंदवली आहे. मेलेली माणसंही त्या गावी जातात आणि ढग होऊन परततात. कोरड्या पठारावर मका पिकवणाऱ्यांकडे पितर येतात ते पाऊस घेऊन.

मुखवटा चढवण्याचा अधिकार दीक्षा घेतलेल्यांचा. कोकोच्या रूपाची बाहुली मात्र लहानग्यांच्या हाती येते, आणि ती देतात कोकोच. सायाताशा या कोकोच्या मुखवट्याला उजवीकडे एकच लांब शिंग असतं, लोकांना दीर्घायुष्य लाभावं म्हणून. कोयेमशी हे कोको दहा, मातकट रंगाचे, डोक्यावर गाठी असलेले. ते लोकांना हसवतात, पण त्यांचा धाकही तितकाच. हिवाळ्याच्या तोंडावर सहा शालाको कोको येतात, प्रत्येक किव्हातर्फे, म्हणजे विधीगृहातर्फे, एक. हा पक्षीमुखी देह सुमारे 10 फूट उंच. आतला माणूस तो काठीवर तोलतो आणि लाकडी चोच कटकटवतो. त्यांच्यासाठी यजमान नवं घर बांधतो किंवा जुनं नीट करून घेतो आणि तिथे रात्रभर नाच चालतो. हलत्या हातांची बाहुली पाहताना मला तो नाच आठवावासा वाटतो. काचेच्या कपाटात तिचं निम्मं अंगच दिसतं.

अशा बाहुल्या कपाटात तरी बऱ्याच पोचल्या. ब्रुकलिन संग्रहालयाच्या स्ट्युअर्ट क्युलिन यांनी 1903 पासून झुनींच्या अनेक वस्तू विकत घेतल्या. आज शालाकोचे फोटो काढायला मनाई आहे आणि ती मला सर्वस्वी रास्त वाटते.

ते तळंही कथेपुरतं नाही. ॲरिझोनात, झुनी नदी लिटल कोलोरॅडोला मिळते त्या भागात ते आहे. 1984 मध्ये अमेरिकी काँग्रेसने कायदा करून ती पवित्र भूमी झुनींना परत मिळण्याचा मार्ग मोकळा केला. दर चार वर्षांनी उन्हाळ्यातल्या सर्वांत मोठ्या दिवसाच्या सुमारास झुनी यात्रेकरू पायी आणि घोड्यांवरून तिकडे जातात. वाटेतल्या एका जमीनमालकाने हरकत घेतली, तेव्हा प्रकरण कोर्टात गेलं आणि 1990 मध्ये फेडरल न्यायालयाने झुनींचा त्या वाटेवरचा हक्क मान्य केला.