घाणेरीला नुसता कोयता पुरत नाही
पाड्यावर श्रमदानाला येताना कोयत्याबरोबर कुदळही आणा. घाणेरी, म्हणजे टणटणी, वरवर छाटली तर बुंध्यातून आणखी धुमारे फुटतात.

अमेरिका खंडातले हे झुडूप १८०९ च्या सुमारास फुलांच्या हौसेपायी कोलकात्याच्या बागेत आले. युरोपातल्या माळ्यांनी त्याचे कितीतरी संकर केले होते. त्यांतले चिवट वाण आपल्या रानात टिकले. मायदेशातली बहुतेक कीड मात्र तिकडेच राहिली. बुलबुल फळे खाऊन बी दूरवर टाकतात. पाने विषारी, गुरांचे यकृत बिघडवणारी. म्हणून गुरे ती टाळून भोवतीचे गवत खातात आणि घाणेरीला आणखी जागा मिळते. चारा गेला, आवळ्याची, मोहाची रोपे दबली, की आदिवासी कुटुंबाच्या मिळकतीवरच घाला येतो.

खोड आणि मूळ जुळते त्याच्या खाली, मातीत घाव घालावा, झुडूप उपटून उलटे ठेवावे, तेही फळे धरण्यापूर्वी. मग तिथे स्थानिक गवत पेरावे, नाहीतर मातीतले बी पुन्हा उगवते. निदणाच्या दाखल्यातला धनी कापणीपर्यंत थांबायला सांगतो. घाणेरीच्या बाबतीत थांबू नये, असे माझे मत.

कर्नाटकातले सोलिगा आदिवासी तोडलेल्या फांद्यांपासून खुर्च्या-टोपल्या बनवून विकतात.