'द्विभाषिक' : एका विशेषणाचे निवडणुकीतील रूपांतर

निवडणुकीच्या काळात वृत्तपत्रे मतभेद निर्माण करितात, की असलेले मतभेद केवळ नोंदवितात? प्रश्नाची ही मांडणीच अपुरी आहे. समाजात भेद पुष्कळ असतात. त्यांपैकी कोणत्या भेदास नाव मिळावे, हे वृत्तपत्रे ठरवितात. नाव न मिळालेला भेद मतदानापुरता तरी दिसेनासा होतो.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठी व गुजराती प्रदेशांचे मिळून एक मुंबई राज्य झाले. त्याच महिन्याच्या १५ तारखेस आचार्य अत्रे यांचा 'मराठा' निघाला. 'द्विभाषिक' हे तोवर विशेषण होते. वृत्तपत्रीय मराठीत ते नाम झाले, आणि तेही एका पक्षाच्या अपराधाचे नाम. 'द्विभाषिकवादी' म्हणजे काँग्रेस, उरलेली सर्व 'समिती'. १९५७ साली पश्चिम खानदेशातून जनसंघाचे उत्तमराव पाटील लोकसभेवर गेले, पूर्व खानदेशातून मुंबईचे पारशी वकील नौशीर भरुचा. जनसंघ आणि कम्युनिस्ट एका छत्राखाली यावेत, हे एरवी नवल. पण 'समिती' या शब्दात दोघांतील अंतर मावून गेले. इटलीत एप्रिल १९४८ मध्ये कम्युनिस्ट व समाजवादी गॅरिबाल्डीच्या चित्राखाली एकत्र आले होते. तेथे मात्र आघाडीचा पराभव झाला.

भाषाभ्यासकास अधिक विचारात पाडील ती गोष्ट निराळीच. तापी खोऱ्यातील नरडाणा हे गाव सुरत-भुसावळ लोहमार्गावर आहे आणि मुंबई-आग्रा रस्ताही तेथूनच जातो. घरची बोली अहिराणी, शाळा-कचेरीची मराठी. म्हणजे शास्त्रीय अर्थाने 'द्विभाषिक' माणूस हा तेथला सामान्य माणूस होय! ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणात (खंड ९, भाग ३, १९०७) खानदेशी ही मराठीच्या खंडात नसून भिल्ली बोलींच्या शेजारी आहे. ते वर्गीकरण वादग्रस्त आहे. तथापि, मराठी की गुजराती एवढ्या दोनच कप्प्यांत ही बोली सरळ बसत नाही, इतके त्यावरून निश्चित कळते. प्रचाराच्या मराठीत दोनच कप्पे होते. अहिराणी बोलणाऱ्याने मत दिले ते मराठी भाषक म्हणून, आणि ज्या शब्दाविरुद्ध दिले तो त्याच्याच भाषिक स्थितीचे वर्णन करीत होता. त्याचे मत चुकले, असा याचा अर्थ नव्हे. त्याची मागणी राज्याविषयी होती, घरातील बोलीविषयी नव्हती. वृत्तपत्राच्या शब्दाने ही दोन प्रकरणे एक केली, एवढेच.

१ मे १९६० रोजी राज्य विभागले गेले. पश्चिम खानदेशाच्या कडेची काही गावे गुजरातेत गेली, आणि 'द्विभाषिक' पुन्हा विशेषण झाले. १९६२ च्या निवडणुकीत धुळे व जळगाव या दोन्ही जागा काँग्रेसने जिंकल्या.