शिकणारे हात

आजाराने किंवा अपघाताने दुर्बळ झालेले अवयव व्यायाम, शेक, मर्दन इत्यादी उपायांनी पुन्हा कार्यक्षम करणे, या शास्त्रास भौतिकोपचार म्हणतात. मुंबईत पोलिओच्या साथीने अनेक बालकांचे हातपाय लुळे पडले, तेव्हा या शास्त्राच्या जाणकारांची निकड भासू लागली. १९५० नंतर लवकरच, जागतिक आरोग्य संघटनेच्या साहाय्याने, तेथील के. ई. एम. रुग्णालयात या विषयाचे विद्यालय सुरू झाले.

हे शास्त्र केवळ ग्रंथ वाचून येत नाही. स्नायूंची नावे पाठ करता येतात. परंतु स्नायूत किती बळ उरले आहे, हे हातालाच कळते. त्यासाठी ० ते ५ अशी श्रेणी ठरलेली आहे. बोटाखाली नुसती थरथर जाणवली, तर १; अवयव स्वतःचा भार पेलून वर उचलला गेला, तर ३; आणि परीक्षकाने पुरता जोर लावला तरी तो ढळला नाही, तर ५. विद्यार्थी हे प्रथम एकमेकांवर शिकतात.

खरी कसोटी मात्र बालकांपुढे लागते. 'हात वर करा' म्हणताच मोठा माणूस हात वर करतो. दोन वर्षांचे मूल अशी आज्ञा का म्हणून ऐकेल? अनोळखी हात लागताच ते आईच्या पदराआड दडते. म्हणून विद्यार्थी आधी जमिनीवर बसून स्वस्थपणे पाहतो. मग तो मुलाच्या डोक्यावर खुळखुळा वाजवतो. मूल हात उचलते आणि न सांगता परीक्षा होते! येथे डोळ्यांत तेल घालून पाहावे लागते. खांदा दुबळा असेल, तर मूल सबंध धड कलवून खेळणे गाठते. खुळखुळा हाती आला एवढ्यावर जो समाधान मानील, तो फसेल.

उपचारही खेळातूनच होतो. छाती फुलावी म्हणून साबणाचे फुगे, तोल साधावा म्हणून जमिनीवर आखलेल्या रेघेवरून चालणे! मूल घाबरून रडू लागले, तर थांबावे, हेही शिकावे लागते. कारण गमावलेला विश्वास सहजी परत मिळत नाही. शिवाय मूल रुग्णालयात घटकाभर आणि घरी दिवसभर असते. म्हणून हे खेळ आईवडिलांना शिकवणे, हाही अभ्यासाचाच भाग होय.

२०१४ साली भारत पोलिओमुक्त घोषित झाला. तथापि, मेंदूला इजा झाल्यामुळे चालता न येणारी मुले आजही उपचारांसाठी येतात. मुलांनो, तुमचा एखादा सोबती सावकाश चालत असेल, तर त्याचा हात धरून ओढू नका. आधी पाहा, त्याला विचारा आणि मग त्याच्याच गतीने त्याच्या शेजारून चाला.