कारखान्याच्या पायापूर्वीचा पाया

कारखाना म्हटला कीं धुराडीं व यंत्रें डोळ्यांपुढें उभीं राहतात. परंतु त्याचें यशापयश पहिली वीट बसण्यापूर्वींच बव्हंशीं ठरलेलें असतें. कच्चा माल, इंधन, पाणी व वाहतूक यांची पारख करून खर्चाचा अदमास, आरंभीं ढोबळ आणि मग अधिकाधिक काटेकोर, बांधणें हें पूर्वतपासणीचें कार्य होय.

जमशेटजी टाटांच्या पोलाद-योजनेचा इतिहास याची साक्ष देतो. १९०४ च्या सुमारास भूगर्भशास्त्रज्ञ वेल्ड यांनीं चांदा जिल्ह्यांतील लोहाऱ्याचा डोंगर तपासला. लोखंडाचा दगड उत्तम निघाला. पण भट्टीस योग्य असा कोक देणारा कोळसा जवळपास नव्हता, म्हणून ती जागा सोडावी लागली. १९०४ सालीं जमशेटजी निवर्तले, तरी शोध थांबला नाहीं. प्रमथनाथ बोस यांच्या पत्रावरून मयूरभंजांतील गोरुमहिसानीचा डोंगर तपासण्यांत आला. झरियाचा कोळसाहि त्यास सोईचा पडला. अखेर सुवर्णरेखा व खरकाई यांच्या संगमानजीकचें साकची गांव ठरलें. १९०७ सालीं कंपनी स्थापन झाली. १९११ सालीं लोखंड व १९१२ सालीं पोलाद बाहेर पडलें.

नकाराचा अहवाल लिहिण्यास थोडा कागद पुरतो. चुकीच्या जागीं उभारलेली भट्टी मात्र हलवितां येत नाहीं.