मृतसाठा कुणाच्या वाट्याला?

धरण आटू लागले की मराठवाड्यात एकच शब्द ऐकू येतो : मृतसाठा. जायकवाडीची एकूण क्षमता सुमारे १०२ टीएमसी. त्यातले तळचे २६ टीएमसी पाणी कालव्याला लागत नाही, पंप लावून उपसावे लागते. मांजरा धरणाने २०१६ साली त्याच्याही पुढची पायरी दाखवली. धरण कोरडे पडले आणि त्या एप्रिलमध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. त्याआधी मार्चमध्येच पाणवठ्यांभोवती जमावबंदी लावली गेली. तहानलेल्या माणसांवर १४४ कलम! आणि त्याच हंगामात मराठवाड्यातले साखर कारखाने ऊस गाळत होते.

कायदा नाही असे कुणी म्हणू नये. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण अधिनियम, २००५ चे कलम १२(६)(ग) सांगते की टंचाईची झळ खोऱ्याने समन्यायाने सोसावी. ऑक्टोबरअखेर खोऱ्यातील सर्व धरणांत पाण्याची टक्केवारी जवळपास सारखी राहील असे नियंत्रण ठेवावे. वरच्या नाशिक-नगरच्या धरणांतून जायकवाडीत पाणी सोडण्याचा वाद याच कलमावर लढला गेला. सप्टेंबर २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने समन्यायी वाटपाचे तत्त्व उचलून धरले.

म्हणजे धरणाने धरणाला वाटा द्यायचा, हे मान्य. पण धरणाचे पाणी टँकरमध्ये भरून गावात येते, तेव्हा हे तत्त्व वेशीवरच थांबते. त्या उन्हाळ्यात आम्ही लातूर जिल्ह्यातल्या एका गावी गेलो होतो. टँकर गावच्या विहिरीत रिता होई. आमच्या वस्तीतल्या आयाबहिणी घागरी घेऊन बाजूला उभ्या. गावाचे भरून झाले की त्यांची पाळी. तोवर विहिरीत उरे तो गाळ. गावाचा हा मृतसाठा! तक्रार द्यायला गेलो, तर आम्हालाच विचारले गेले, "पाणीच नाही, तर अडवले कसे म्हणता?"

वास्तविक अॅट्रॉसिटी कायद्यातील दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून, म्हणजे त्याच उन्हाळ्याच्या तोंडावर, अमलात आली होती. विहीर, तळे, नळ वापरण्यास अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला अडवणे हा तिच्यात स्पष्ट गुन्हा आहे. संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदात विहिरी, तलाव, स्नानघाट हे शब्द बाबासाहेबांच्या काळापासून आहेतच. ते तिथे का आले, हे महाडचा इतिहास जाणणाऱ्यास सांगायला नको. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचे पाणी प्यायलो, पण उच्च न्यायालयाचा निकाल मिळायला १७ मार्च १९३७ उजाडले. दहा वर्षे! टंचाईत दहा दिवसही फार असतात. म्हणून निकालाची वाट पाहत बसणे वस्तीला परवडत नाही. टँकर उभा असतानाच जाब विचारावा लागतो.

आम्ही माहितीच्या अधिकारात त्या टँकरच्या खेपांची नोंदवही मागितली. रोज दोन खेपा, तारीखवार, पाणी मिळाल्याच्या सह्यांसह. सगळ्या सह्या गावातल्या. वस्तीतल्या एकाही बाईची सही त्यात नव्हती. कार्यकर्त्यांना आमचे सांगणे आहे : पुढच्या टंचाईत पहिल्या दिवशीच ती वही मागा आणि वस्तीपुढे टँकर उभा राहिल्याशिवाय कुणालाही सही करू देऊ नका.